देवबागची खाडी : मच्छीमारांची शेती आणि मासळीची रोपवाटिका

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहराच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढे, जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्र आणि नदी यांच्यामधून लांबवर गेलेली आहे. तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदीची खाडी आहे. या पट्टीवर देवबाग हे गाव वसलेले आहे. काही ठिकाणी ही पट्टी इतकी अरुंद आहे की, माडांच्या सावलीत उभे राहिले असता एका कानावर समुद्राची गाज येते आणि दुसऱ्या बाजूस खाडीचे संथ पाणी दृष्टीस पडते. पट्टीच्या टोकाशी कर्ली नदी समुद्रास मिळते. पलीकडच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातील कोरजाई आणि भोगवे ही गावे आहेत.

सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी पावसाळ्यात गढूळ पाणी, माती आणि पालापाचोळा घेऊन येते. समुद्र भरतीच्या वेळी खारे पाणी आणि वाळू आत लोटतो. या दोहोंच्या देवघेवीतून देवबागची भूमी निर्माण झाली आहे, आणि याच देवघेवीवर तेथील गाबीत व इतर मच्छीमार कुटुंबांची उपजीविका चालत आली आहे. येथे भातशेतीस योग्य अशी जमीन जवळजवळ नाही. वाळूत उभा राहणारा माड आणि पाण्यात वाढणारी मासळी हीच येथील दोन पिके होत. शेतकरी ज्याप्रमाणे आपल्या शेताचा बांध, ओल आणि बियाणे यांची काळजी घेतो, त्याचप्रमाणे खाडीकाठच्या माणसास खाडीची काळजी घ्यावी लागते. मात्र शेताला एक धनी असतो आणि खाडीला अनेक. त्यामुळे खाडीचे रक्षण एकट्यादुकट्याच्या हातून होत नाही, आणि तिची हानी मात्र थोड्यांच्या हातूनही होऊ शकते.

भरती-ओहोटीचे गणित

शेतकऱ्याचे वेळापत्रक नक्षत्रांवर चालते, तर खाडीकाठचे वेळापत्रक तिथीवर चालते. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी अधिक चढते व अधिक उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ परस्परांस काटकोनात पडते, पाण्याचा चढउतार कमी होतो, आणि त्यास भांग म्हणतात. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि दररोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी सोपी रीत आहे. तिथीच्या अंकास तिनाने गुणावे व चाराने भागावे. जो अंक येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सुमारे सहा वाजता, द्वादशीस सुमारे नऊ वाजता, असा हा हिशेब शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांत सारखाच चालतो. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. स्थळपरत्वे या वेळेत थोडा फरक पडतो, परंतु घड्याळ व छापील कोष्टक नसतानाही खाडीत केव्हा उतरावे, हे या रीतीने माणसास कळत असे.

या गणितावर घरातील सर्वांची कामे अवलंबून असतात. पाणी चढू लागले की बोय व अन्य मासे त्याबरोबर खाडीत शिरतात आणि पाग टाकणाऱ्यांची वेळ होते. पाणी उतरले की खाडीतील वाळूचे पठार उघडे पडते आणि स्त्रिया तिसऱ्या वेचण्यास निघतात. उधाणाच्या ओहोटीस पठार अधिक काळ व अधिक विस्ताराने उघडे राहते, म्हणून वेचणीचे मुख्य दिवस पौर्णिमा व अमावास्या यांच्या मागेपुढे येतात.

रापण : सहकाराची जुनी रीत

देवबाग आणि मालवणच्या किनाऱ्यावरील सर्वांत उल्लेखनीय मासेमारी म्हणजे रापण होय. रापणीचे जाळे कित्येकशे मीटर लांब असते. त्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळ काढीत जाळे सोडते आणि दुसरे टोक घेऊन किनाऱ्याच्या दुसऱ्या ठिकाणी परत येते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा जाळे ओढू लागतात. रांगा हळूहळू जवळ येतात आणि अखेरीस जाळ्याचा मधला खोल भाग मासळीसह वाळूवर येतो. बांगडा, तारली, पेडवे अशी थव्याने फिरणारी मासळी या जाळ्यात विशेषेकरून सापडते.

हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. म्हणून रापण ही संघाची असते. जाळे, होडी आणि अंगमेहनत यांचे वाटे ठरलेले असतात. उत्पन्न विकून आलेला पैसा त्या प्रमाणात वाटला जातो, आणि दोर ओढण्यास आलेल्या हातांना मासळीच्या रूपाने काही ना काही मिळते. सहकारी संस्थांचे कायदे होण्यापूर्वीपासून किनाऱ्यावर रुळलेली ही व्यवस्था आहे. तिच्यात वृद्धांना काम आहे, मुलांना शिक्षण आहे, आणि ज्या घरी होडी नाही त्या घरालाही वाटा आहे.

रापणीस तीन गोष्टी आवश्यक असतात. पहिली, खडक नसलेला वाळूचा तळ, कारण खडकावर जाळे अडकून फाटते. दुसरी, जाळे ओढण्यास पुरेशी रुंद पुळण. तिसरी, थवा किनाऱ्याजवळ येणे. पहिली गोष्ट देवबागला निसर्गाने दिलेली आहे. दुसरी व तिसरी मात्र आता निश्चित राहिलेल्या नाहीत, आणि त्याची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

खाडीतील वेचणी

समुद्रावरील मासेमारी पुरुषांची, असे सामान्यतः मानले जाते. खाडीवरील मासेमारीत मात्र स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. ओहोटीच्या वेळी गुडघाभर किंवा कंबरभर पाण्यात उतरून त्या वाळूतून तिसऱ्या काढतात, खडकांना चिकटलेली कालवे लोखंडी टोकदार हत्याराने सोडवितात, आणि कांदळवनाच्या कडेने खेकडे धरतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होड्या वर ओढलेल्या असतात आणि रापण बंद असते. अशा दिवसांत घरची चूल पुष्कळदा खाडीवरच पेटते. पुरुषांनी आणलेली मासळी बाजारात नेऊन विकणे आणि उरलेली मासळी सुकविणे ही कामेही बहुतांशी स्त्रियाच करतात.

तिसऱ्यांचे मांस प्रथिने व लोह यांनी युक्त असते. शिंपल्यांपासून पूर्वीपासून चुना करीत आले आहेत. तिसऱ्या पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातात. त्यामुळे खाडीचे पाणी स्वच्छ असेल तर त्यांचे मांस निर्दोष राहते, आणि पाण्यात सांडपाणी मिसळत असेल तर रोगजंतू त्यांच्या अंगात साठतात. विक्रीपूर्वी त्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही तास, शक्य तर रात्रभर, ठेवल्यास पोटातील वाळू व घाण बरीचशी निघून जाते. हा उपाय सोपा आहे आणि त्यामुळे मालाची प्रत सुधारते.

खाडी ही रोपवाटिका कशी?

भाताचे रोप प्रथम वाफ्यात तयार करतात आणि मग खाचरात लावतात. समुद्रातील कित्येक जातींच्या मासळीची व्यवस्था अशीच आहे. त्यांचा वाफा म्हणजे खाडी.

कोळंबीचे उदाहरण घ्यावे. समुद्रातील अनेक जातींच्या कोळंबीची मादी खाडीत अंडी घालीत नाही. ती समुद्रात लाखो अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू अनेक अवस्थांतून जाते आणि दोन-तीन आठवड्यांत भरतीच्या प्रवाहाबरोबर खाडीत शिरते. येथील उथळ, मचूळ, अन्नाने समृद्ध पाण्यात ते काही महिने वाढते, आणि बोटाएवढे झाल्यावर पुन्हा समुद्राकडे जाते. बोय माशाची वीणही समुद्रात होते आणि तिची पिल्ले खाडीत येऊन वाढतात. खाडीतील खेकड्याची मादी अंडी सोडण्यासाठी समुद्राकडे जाते आणि पिल्ले परत खाडीकडे येतात. जिताडा या मौल्यवान माशाची कथा तर अधिक विलक्षण आहे. तो बहुधा प्रथम नर असतो, आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे मोठे जिताडे सरसकट पकडले गेले तर अंडी घालणाऱ्या माद्याच नाहीशा होतात.

या पिल्लांना अन्न आणि आसरा देण्याचे काम कांदळवन करते. कांदळ, तिवर, चिपी ही झाडे खाऱ्या चिखलात उभी राहतात. त्यांची पाने गळून पाण्यात कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात आणि ते लहान मासळीचे खाद्य होतात. झाडांच्या मुळांच्या जाळीत मोठ्या माशांना सहज शिरता येत नाही, म्हणून पिल्लांना तेथे संरक्षण मिळते. शिवाय ही मुळे प्रवाहाचा जोर कमी करतात, गाळ धरून ठेवतात आणि काठ ढासळू देत नाहीत. या वनाचे महत्त्व ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, आणि २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केला. कांदळवनाची तोड करण्यास उच्च न्यायालयाचीही मनाई आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. देवबागच्या खाडीत सरपणासाठी एक कांदळ तोडला, तर त्याचा परिणाम केवळ काठावर होत नाही. काही महिन्यांनी समुद्रात जाळे टाकणाऱ्याच्या टोपलीतही तो दिसतो.

आजची संकटे

पहिले संकट समुद्राकडून येते. किनाऱ्याजवळ येणारा बांगड्याचा थवा वाटेतच मोठ्या यांत्रिक नौकांनी वेढून घेतला, तर रापणीच्या जाळ्यात येण्यास तो उरत नाही. पर्ससीन जाळे थव्याभोवती टाकून खालून आवळले जाते, आणि संपूर्ण थवा एकदम उचलला जातो. तळ खरवडणारी ट्रॉल जाळी उथळ पाण्यात आली तर पिल्लेही त्यांच्यात सापडतात. मालवणच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांचे मालक यांच्यातील कलह हा अनेक वर्षांचा आहे. या संबंधात शासनाने वेळोवेळी निर्बंध घातले आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी क्षेत्रातील पर्ससीन मासेमारीवर परवान्यांची संख्या, क्षेत्र व हंगाम यांची मर्यादा घालण्यात आली. २०१७ मध्ये केंद्र शासनाने एलईडी दिव्यांच्या प्रखर प्रकाशावर मासळी गोळा करून पकडण्यास बंदी केली. २०२१ मध्ये मूळ अधिनियमात सुधारणा होऊन दंडाची रक्कम पुष्कळ वाढविण्यात आली. नियम आहेत, परंतु विस्तीर्ण समुद्रावर त्यांची अंमलबजावणी सोपी नाही. तेथे किनाऱ्यावरील जागरूक डोळ्यांचे साहाय्य लागते.

दुसरे संकट भूमीचे आहे. वाळूची पट्टी स्थिर नसते. लाटा एका ठिकाणची वाळू उचलून दुसरीकडे टाकतात आणि नदीचे मुख आपली वाट बदलते. देवबागला धूप ही नित्याची चिंता आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, त्या वेळी मालवण तालुक्यात घरे, माड आणि होड्या यांची मोठी हानी झाली. धूप थांबविण्यासाठी काही ठिकाणी दगडी बंधारे घातलेले आहेत. घरे वाचविण्यास त्यांचा उपयोग होतो. तथापि उभ्या बंधाऱ्यावर लाट आपटून परत फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि पुळण अरुंद होत जाते. पुळण गेली की होडी ओढण्यास व रापण लावण्यास जागा राहत नाही. म्हणून बंधाऱ्याचा विचार करताना घराबरोबर पुळणीचाही विचार व्हावयास हवा. नदीच्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा झाल्यास किनाऱ्यास मिळणारी वाळू कमी होते आणि प्रवाहाची दिशाही बदलते, हेही विसरून चालणार नाही.

तिसरे संकट खुद्द समृद्धीबरोबर आले आहे. तारकर्ली व देवबाग येथे आता मोठ्या संख्येने पर्यटक येतात. खाडीतील नौकाविहार, पाण्याखालील दर्शन आणि घरगुती निवासव्यवस्था यांमुळे अनेक कुटुंबांना नवे उत्पन्न मिळू लागले आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. पर्यटन पावसाळ्यात जवळजवळ बंद पडते आणि वादळाच्या एका बातमीने ओस पडते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. ज्या घरी जाळे आणि माड शिल्लक आहेत त्या घरास अशा वेळी आधार राहतो. पर्यटकांमागे येणारे सांडपाणी, प्लॅस्टिक आणि गोड्या पाण्याचा वाढता उपसा यांचा भार शेवटी त्याच खाडीवर आणि त्याच विहिरींवर पडतो.

मच्छीमार बांधवांनी काय करावे?

१. लहान मासळी पकडू नये. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. उदाहरणार्थ, राज्यमासा म्हणून घोषित झालेले पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा आणि सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा लहान असता पकडू नये. बारीक आसाच्या जाळ्याने मिळालेली टोपलीभर पिल्ले बाजारात मातीमोल जातात. तीच काही महिने पाण्यात राहिली तर वजन आणि भाव दोन्ही अनेक पटींनी वाढतात.

२. तिसऱ्या वेचताना बोटाच्या पेरापेक्षा लहान शिंपल्या त्याच जागी परत सोडाव्यात. गावातील वेचणाऱ्या स्त्रियांनी एकत्र बसून पठाराचे दोन-तीन भाग पाडावे आणि आळीपाळीने एक भाग विश्रांतीस ठेवावा. कुरण राखून ठेवल्यास गवत जोमाने येते, तोच न्याय येथेही लागू आहे.

३. अंड्यांनी भरलेली खेकड्याची मादी आढळल्यास ती सोडून द्यावी. तिच्या पोटाखाली असलेल्या नारिंगी वा काळसर गोळ्यात लाखो अंडी असतात.

४. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांसाठी ठरविलेली मासेमारीबंदी काटेकोरपणे पाळावी. हा काळ अनेक जातींच्या विणीचा आहे आणि समुद्रही धोक्याचा असतो.

५. फाटलेली नायलॉनची जाळी पाण्यात टाकू नयेत. ती कुजत नाहीत आणि वर्षानुवर्षे मासे, खेकडे व कासवे यांना अडकवून मारीत राहतात. ती किनाऱ्यावर एका ठिकाणी गोळा करावीत.

६. किनाऱ्यावरील मर्यादवेल उपटू नये. तिचे लांब वेल वाळू धरून ठेवतात. तिच्या मागे केवडा व उंडी यांची लागवड केल्यास वाऱ्याचा आणि लाटेचा जोर कमी होण्यास मदत होते.

मासळीची निगा

पकडलेली मासळी अधिक मिळविण्याइतकेच ती वाया न घालविणेही महत्त्वाचे आहे. मासळी पाण्याबाहेर आल्यापासून तिच्यात बिघाड सुरू होतो, आणि कोकणच्या हवेत तो फार वेगाने होतो. म्हणून मासळी उन्हात पसरून ठेवू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन तिच्या वजनाइतका फोडलेला बर्फ घ्यावा आणि पेटीत बर्फाचा एक थर, मासळीचा एक थर, अशी रचना करावी. सर्वांत खाली आणि सर्वांत वर बर्फाचाच थर असावा. वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी पेटीच्या तळाशी छिद्र ठेवावे.

सुकविण्याच्या मासळीबाबत एक दोष सर्रास आढळतो. ती वाळूवर पसरली जाते. त्यामुळे तिला वाळू लागते, जंतूंचा संसर्ग होतो, कुत्री व कावळे तोंड लावतात, आणि खालची बाजू ओली राहून बुरशी धरते. त्याऐवजी जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर बांबूचा मांडव करून त्यावर जुने स्वच्छ जाळे ताणावे आणि त्यावर मासळी पसरावी. वारा दोन्ही बाजूंनी खेळतो आणि मासळी लवकर व सारखी सुकते. खारविण्याची असल्यास पोट साफ करून चार भाग मासळीस एक भाग स्वच्छ मीठ या प्रमाणात मीठ लावावे. अशी मासळी पावसाळ्यापर्यंत टिकते आणि पर्यटकही ती विश्वासाने विकत घेतात.

माड, मासळी आणि गोडे पाणी

देवबागच्या वाळूत माड चांगला वाढतो, परंतु वाळूत अन्नद्रव्ये टिकत नाहीत. दिलेले खत पावसाबरोबर खाली निघून जाते. म्हणून येथे खत एकाच वेळी न देता जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत द्यावे, आणि त्याबरोबर सेंद्रिय खताचा भरपूर वापर करावा. मच्छीमारांच्या घरी यासाठी उत्तम साधन आयते उपलब्ध असते. मासळीची डोकी, आतडी व खराब झालेला माल यांपासून होणाऱ्या खतात सुमारे ४ ते १० टक्के नत्र आणि ३ ते ९ टक्के स्फुरद असते. हा कचरा किनाऱ्यावर फेकल्यास दुर्गंधी व माश्या होतात. तोच पालापाचोळ्याच्या थरांत खड्ड्यात मातीने झाकून कुजविला तर माडाचे अन्न होतो. नारळाच्या सोडणांचा थर आळ्यात पुरल्यास तोही स्पंजाप्रमाणे ओल धरून ठेवतो.

विहिरीसंबंधी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. अशा वाळूच्या पट्टीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असू शकते. याचा अर्थ असा की, वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर चढते. पंपाने एकदम जोरात पाणी खेचल्यास चांगली विहीर खारी होते, आणि ती पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागू शकतात. म्हणून विहिरी उथळ ठेवाव्यात, थोडे थोडे पाणी काढावे, आणि घराच्या छपरावरील पावसाचे पाणी जमिनीत जिरवावे. निवासाची सोय करणाऱ्या कुटुंबांनी हा नियम सर्वांआधी पाळावा, कारण एका घरच्या पंपाचे परिणाम शेजारच्या विहिरीस भोगावे लागतात. शौचालयाचा खड्डा विहिरीजवळ नसावा, हेही ओघानेच आले.

शासकीय साहाय्य आणि संघटित प्रयत्न

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कर्ज, विमा आणि वीज यांबाबत शेतकऱ्यांप्रमाणे सवलती मिळण्याचा मार्ग मच्छीमारांस खुला झाला. किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यव्यवसायास २०१८-१९ पासूनच लागू आहे. सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासळी त्याच्याच भावाने द्यावी लागते. वेळेवर मिळालेले बँकेचे कर्ज या बंधनातून सोडविते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली अपघाती मृत्यूसाठी ५ लाख रुपयांचे विमासंरक्षण आहे. नोंदणी राहून गेल्यामुळे कुटुंबास हा लाभ मिळू नये, असे होता कामा नये. पत्नी व मुले यांची नावे आणि होडीची कागदपत्रे वेळीच नीट करून ठेवावीत.

कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून चालू झाली. तिच्याद्वारे खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन आणि निसर्गपर्यटन यांसाठी गावातील गटांना साहाय्य दिले जाते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू केली, ती याच जिल्ह्यातील उदाहरण म्हणून पाहण्यासारखी आहे. ज्या स्त्रिया खाडीत उतरून उपजीविका करीत होत्या, त्याच आता पाहुण्यांना होडीत बसवून कांदळ व तिवर यांची ओळख करून देतात. उभे झाड उत्पन्न देऊ लागले की त्याचे रक्षण करण्यास पहारेकरी नेमावा लागत नाही.

अशा योजनांचा लाभ एकाकी माणसास क्वचितच मिळतो. त्यासाठी गट लागतो, नियम लागतात, आणि सर्वांना मान्य असा हिशेब लागतो. देवबागच्या माणसाला या गोष्टी नव्याने शिकवाव्या लागतील असे नाही. रापणीच्या दोन रांगांत उभे राहताना कोणी पुढे ओढावे, कोणी दोर गुंडाळावा आणि कोणाचा वाटा किती, हे त्याच्या आजोबांनी ठरवून ठेवलेलेच आहे. तीच शिस्त आता खाडीतील पठार राखण्यास, विहिरींचा उपसा ठरविण्यास आणि कांदळवन सांभाळण्यास लागू करावयाची आहे. येत्या नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करण्यासाठी गाव एकत्र येईल. त्याच बैठकीत या वर्षी पठाराचा कोणता भाग विश्रांतीस ठेवावयाचा, हे ठरविता आले तर पुढील हंगामाची पेरणी त्या दिवशीच झाली असे समजावे.